पडलेलं विमान शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणजे नेमकं काय करायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' मी बरेचसे काढलेत, सगळे काढले नाहीत. सगळे काढले तर मला माझाच आवाज ओळखू येत नाही.

मागे आपण फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकरांवर एक भाग केला होता. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचं सुखोई पाडलं गेलं, ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडून थेट अफगाण सरहद्दीजवळ पोचले. तो भाग ऐकून मिरजेच्या एका श्रोत्याने विचारलं, 'माणसाची गोष्ट सांगितलीत, पण विमानाचं काय झालं? शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर पायलटने ते जाळून टाकायचं असतं ना?'

प्रश्न साधा वाटला. उत्तर शोधायला बसलो तर पार अलास्कापासून कानपूरपर्यंत फिरावं लागलं आणि शेवटी गाडी आपल्याच सातारा-सांगलीच्या रस्त्याला लागली. ते कसं, ते ओघात येईलच.

आधी एक जुनी गोष्ट. आपल्याकडच्या किल्ल्यांवर, अगदी अजिंक्यताऱ्यावर उभं राहूनसुद्धा, ही कल्पना चटकन कळते. शत्रू बुरूज चढून आत आला, माघार घ्यावी लागणार, आणि तोफ काही पाठीवर घालून नेता येत नाही. मग काय करायचं? तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या बारीक छिद्रात, लोखंडी मेख ठोकायची. दहा घावांचं काम. तोफ जागेवरच, पण ती उलटी फिरवून तुमच्याच पाठीवर डागता येत नाही. जगभरच्या फौजा शेकडो वर्षं हेच करत आल्या.

या मेखेची एक गंमत लक्षात ठेवा. ती तोफ संपवत नाही, फक्त वेळ काढते. शत्रूकडे चांगला लोहार असेल आणि सवड असेल तर तो मेख काढतो किंवा शेजारी नवं छिद्र पाडतो. ज्याला पळायचंय त्याला आजची संध्याकाळ पुरते.

विमानाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. तोफेत गुपित नसतं, तोफ कशी ओततात हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. विमानात मात्र गुपितं ठासून भरलेली असतात: रेडिओच्या लहरी, सांकेतिक वह्या, नकाशे, बॉम्ब टाकायची दुर्बीण, रडार. शत्रूला ते विमान उडवायचं नसतंच. त्याला ते वाचायचं असतं. म्हणून नुसतं निकामी करून उपयोग नाही, वाचता येणार नाही इतकं नष्ट करावं लागतं. इथेच खरी अडचण सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धात यासाठी केलेल्या सोयी बघण्यासारख्या आहेत. ब्रिटिश विमानांत 'हे विमान आपलं की परकं' हे रडारला सांगणारा एक डबा असे. त्यात छोटी स्फोटक सुरुंगी बसवलेली. विमान आपटलं की धक्क्याने ती आपोआप उडावी अशी रचना. शिवाय कॉकपिटमध्ये दोन बटणं, दोन्ही एकदम दाबली तरच चालणारी. दोन का? तर चुकून कोपर लागून स्वतःचाच डबा उडू नये म्हणून. काही विमानांत पेटते बॉम्ब दिलेले असत, म्हणजे खाली उतरल्यावर टाकीजवळ ठेवायचे आणि पळायचं. आणि काहीच नसेल तर इशाऱ्याचं पिस्तूल असायचंच. त्याचा जळता गोळा सांडलेल्या पेट्रोलवर मारायचा.

अमेरिकनांचं सगळं लक्ष नॉर्डन नावाच्या बॉम्बच्या दुर्बिणीवर. ती वापरणाऱ्याला शपथ घ्यावी लागे की जीव गेला तरी हे गुपित राखीन. विमान शत्रूच्या हद्दीत उतरलंच तर तिच्यात पिस्तुलाच्या गोळ्या झाडायच्या, अशी ताकीद. आता विनोद बघा. नॉर्डनच्या कारखान्यात काम करणाऱ्या हर्मन लँग नावाच्या माणसाने तिचे आराखडे युद्धाच्या आधीच जर्मनीला पोचवले होते. तो १९४१ मध्ये पकडला गेला. पण तोवर जे जायचं ते गेलं होतं, आणि पुढची चार वर्षं पोरं आकाशात शपथा घेत राहिली.

असो. आता प्रत्यक्ष जमिनीवर उतरू.

२७ सप्टेंबर १९४०. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात ग्रेव्हनी नावाच्या दलदलीच्या माळावर एक जर्मन युंकर्स ८८ विमान कोसळत उतरलं. नव्या बनावटीचं, म्हणून इंग्रजांना ते अखंड हवं होतं. आतले चौघे वैमानिक जिवंत. जवळच लंडन आयरिश रायफल्सची तुकडी होती, ती धावली. जर्मनांनी विमानातल्या मशिनगनमधून गोळीबार केला, थोडी चकमक झाली, मग ते शरण आले. इथवर साधं. पण कॅप्टन कॅन्टोफर या अधिकाऱ्याला थोडं जर्मन येत होतं. कैद्यांच्या आपसातल्या बोलण्यातून त्याच्या कानावर पडलं की विमान आता कोणत्याही क्षणी उडणार आहे. तो उलट्या पावली विमानाकडे पळाला, आतली स्फोटकं शोधली आणि पाण्याच्या चरात फेकून दिली. विमान वाचलं, त्याला जॉर्ज पदक मिळालं. मग जेते आणि कैदी जवळच्या एका दारूच्या गुत्त्यात एकत्र बसले. हे मी रंगवून सांगत नाहीये, तिथले लोक अजून ही गोष्ट सांगतात.

म्हणजे बघा, त्या चौघांनी पुस्तकात लिहिलं होतं ते सगळं केलं. वेळ काढली, स्फोटकं लावली. तरी एका माणसाला परकी भाषा येत होती म्हणून सगळं वाया गेलं.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला या सगळ्यात सगळ्यात जड जाते.

४ जून १९४२. अलास्काच्या पश्चिमेला अल्यूशियन बेटांची रांग आहे. तिथल्या डच हार्बरवर जपानी विमानांनी हल्ला केला. त्यात तीन झीरो विमानांची एक टोळी होती, आणि त्यातल्या एकात तादायोशी कोगा नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. झीरो म्हणजे तेव्हाचं भूत. हलकं, चपळ, लांब पल्ल्याचं. त्याच्याशी वळणावळणाच्या झुंजीत पडायचं नाही, एवढंच अमेरिकन वैमानिकांना कळलं होतं. ते असं का आहे आणि ते कुठे कच्चं आहे हे सांगायला त्यांच्याकडे एकही धड झीरो नव्हतं.

जमिनीवरून आलेली एखादी गोळी कोगाच्या विमानाच्या तेलाच्या नळीला लागली. तेल गळायला लागलं. जपान्यांनी अशा वेळेसाठी अकुटान हे निर्जन बेट आधीच ठरवून ठेवलं होतं, किनाऱ्याजवळ वैमानिकाला उचलायला पाणबुडीही होती. वरून हिरवंगार सपाट गवत दिसलं. कोगाने चाकं खाली काढली आणि उतरला. ते गवत नव्हतं, गवताखाली चिखल होता. चाकं रुतली, विमान कोलांटी खाऊन पाठीवर पडलं. कोगाची मान मोडली, तो जागीच गेला.

वर त्याचे दोन सोबती घिरट्या घालत होते. नियम स्पष्ट होता: शत्रूच्या मुलखात झीरो पडलं तर ते गोळ्या घालून जाळायचं. दोघांच्या बंदुकांत ते करायची ताकद होती. विमान उताणं, पोट वर, टाक्या उघड्या. पण आत कोगा होता. तो मेलाय की बेशुद्ध आहे, हे वरून कसं कळणार? त्यांना गोळी घालवली नाही. ते परत गेले. पाणबुडीलाही तो सापडला नाही.

हे ऐकून कुणाच्याही मनात त्या दोघांबद्दल माया येईल. माझ्याही आली. पण त्याच दिवशी याच तिघांच्या टोळीने एक अमेरिकन कॅटलिना विमान पाडलं होतं आणि पाण्यात पडलेल्या, जिवंत असलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. परक्याच्या बाबतीत जो हात अडखळला नाही, तो आपल्या माणसावर चालवताना अडखळला. मी यावर काही टिप्पणी करत नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिवसात, एकाच माणसांकडून झाल्या, एवढं माहीत असावं.

पाच आठवडे ते विमान चिखलात पडून होतं. १० जुलैला गस्तीवरचं एक अमेरिकन विमान वाट चुकून नेमकं त्या बेटावरून गेलं आणि कुणाची तरी नजर खाली पडली. अमेरिकनांनी कोगाचा देह बाहेर काढून पुरला, विमान चिखलातून ओढून काढलं, बोटीने सॅन दिएगोला नेलं, दुरुस्त केलं, आणि २० सप्टेंबरला एडी सँडर्स या नौदल वैमानिकाने ते उडवलं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याने चोवीस उड्डाणं केली. पहिल्याच दिवसांत कळलं की वेग वाढला की झीरोच्या पंखांची वळणं जड होतात, उजवीकडे वळायला ते डावीकडच्या मानाने आळशी आहे, आणि नाक एकदम खाली दाबलं की कार्बोरेटरमुळे इंजिन क्षणभर बंद पडतं. लगेच निरोप गेले: झीरो मागे लागलं तर सरळ खाली सूर मारा आणि वेग आल्यावर उजवीकडे वळा. किती जीव त्यामुळे वाचले याचा हिशेब कुणी नीट मांडू शकत नाही. काही लोक म्हणतात हेलकॅट हे अमेरिकन विमान या झीरोवरूनच बनलं. ते काही खरं नाही, त्याचा आराखडा आधीच झाला होता. पण वैमानिकांना झीरोशी कसं लढायचं हे शिकवलं ते या विमानाने.

त्या झीरोचा शेवट कसा झाला, तर फेब्रुवारी १९४५ मध्ये सॅन दिएगोच्या धावपट्टीवर मागून आलेल्या एका अमेरिकन विमानाचा पंखा त्याच्यावर चढला आणि त्याने ते कापून काढलं. जे काम सोबत्यांना जमलं नाही ते अपघाताने अडीच वर्षांनी झालं.

आता दुसरी बाजू. समजा मन घट्ट केलं, स्फोटकंही आहेत, माणूसही आत नाही. तरी सगळं नष्ट होतं का?

ब्रिटिशांनी १९४० मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत मॅग्नेट्रॉन नावाची वस्तू बनवली. आज ती प्रत्येकाच्या मायक्रोवेव्हमध्ये असते, तेव्हा ती युद्धातलं सगळ्यात मोठं गुपित होती. तिच्यामुळे विमानात मावेल एवढं रडार शक्य झालं आणि ढगांतून, अंधारातून खालचं शहर पडद्यावर दिसू लागलं. प्रश्न हा की असं रडार शत्रूच्या डोक्यावर न्यायचं का? विमान पडणार हे ठरलेलंच, रोज पडत होती. मग त्यांनी चाचणी घेतली. पकडलेल्या एका युंकर्स ८८ च्या पोटात मॅग्नेट्रॉनजवळ स्फोटक लावून उडवलं. विमानाला दहा फुटांचं भगदाड पडलं. आणि मॅग्नेट्रॉन? तो म्हणजे भोकं पाडलेला तांब्याचा ठोकळा. त्याचे ओळखू येतील असे तुकडे सापडले. तांब्याचा ठोकळा उडवायचा तर एवढा दारूगोळा लागणार की आधी आपलाच माणूस मरायचा.

तरीही त्यांनी तो पाठवला. ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हॅम्बर्गवर पहिला वापर. आणि लगेच २ फेब्रुवारीच्या रात्री रॉटरडॅमजवळ एक स्टर्लिंग विमान पडलं. गुपित तीन दिवसही टिकलं नाही. जर्मन अभियंत्यांनी तुकडे जुळवले, त्याला 'रॉटरडॅम यंत्र' असं नाव दिलं, आणि पुढे त्याचाच माग काढणारं उपकरण आपल्या रात्रीच्या लढाऊ विमानांवर चढवलं.

मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. त्यांना माहीत होतं की हे नष्ट करता येणार नाही. तरी त्यांनी ठरवलं की शत्रूला कळेपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढे आपले.

आणि कधीकधी तर नष्ट करायचा प्रश्नच पडत नाही, कारण समोर शत्रू नसतोच. १९४४ मध्ये जपानवर हल्ले करून परतताना तीन अमेरिकन बी-२९ विमानं अडचणीत येऊन रशियात, व्लादिवोस्तोकला उतरली. रशिया तर दोस्त. दोस्ताच्या अंगणात उतरून कोण आपलं विमान पेटवतं? पण रशिया तेव्हा जपानशी युद्धात नव्हता, त्या सबबीवर विमानं परत मिळालीच नाहीत. तुपोलेवच्या माणसांनी त्यातलं एक सुटं सुटं केलं, भाग न् भाग मोजला, आणि १९४७ मध्ये त्याचीच नक्कल तु-४ नावाने आकाशात आली.

आता आपल्या घराकडे येऊ. ३ सप्टेंबर १९६५. भारताचं एक छोटं नॅट विमान पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. आत स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद. पाकिस्तानचं म्हणणं, त्यांच्या स्टारफायटर विमानाच्या धाकाने ते उतरलं. भारतीय बाजूचं म्हणणं, झुंजीत सोबत्यांपासून सुटले, इंधन संपत आलं आणि धावपट्टी आपली समजून उतरले. ते विमान अखंड त्यांच्या हाती पडलं. त्यांच्या वैमानिकाने ते उडवूनही पाहिलं. आज ते कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

या प्रसंगावरून सिकंदांबद्दल फार सहज बोललं जातं. मी स्वतः ते टाळतो. नॅटमध्ये स्वतःला उडवायचं काही साधन नव्हतं. एकट्या माणसाने, परक्या धावपट्टीवर, चारी बाजूंनी बंदूकधारी पळत येत असताना, रिकाम्या टाकीचं विमान कशाने जाळायचं? ते कैदेतून परतले, पुढे हवाई दलात वरिष्ठ पदापर्यंत गेले. हवाई दलाने त्यांना ज्या नजरेने पाहिलं ती मला जास्त भरवशाची वाटते.

आता मिरजेच्या श्रोत्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. पारुळकरांच्या काळात, म्हणजे इजेक्शन सीट आल्यावर, पायलट विमान जाळतच नाही. तो बाहेर फेकला जातो आणि विमान शेकडो किलोमीटरच्या वेगाने जमिनीत घुसतं. नष्ट करायचं काम वेगच करतो, तेही अर्धवट. वैमानिकाकडे उरतात ते खिशातले कागद. २७ फेब्रुवारी २०१९ ला अभिनंदन वर्धमान सरहद्दीपलीकडे उतरले तेव्हा त्यांनी काय केलं, आठवतंय? पाकिस्तानी वृत्तपत्रानेच छापलं होतं: ते एका छोट्या तळ्यात शिरले, काही कागद आणि नकाशे गिळायचा प्रयत्न केला, उरलेले पाण्यात भिजवले. सगळं तंत्रज्ञान एका बाजूला आणि शेवटी माणसाचं तोंड आणि तळ्याचं पाणी. २००१ मध्ये चीनच्या हैनान बेटावर उतरावं लागलेल्या अमेरिकन हेरविमानातल्या चोवीस जणांनी कुऱ्हाडीने यंत्रं फोडली आणि संगणकावर गरम कॉफी ओतली. तेही याच जातीतलं.

इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टींत नष्ट करणाऱ्याकडे वेळ नव्हता. मग मला प्रश्न पडला: भरपूर वेळ, भरपूर माणसं, समोर शत्रू नाही, असं असेल तर तरी विमान नीट नष्ट करता येतं का? याचं उत्तर कानपूरला मिळालं, आणि त्यात सातारा-सांगलीचा दुवा सापडला.

युद्धात ब्रिटिश हवाई दलाकडे भारतात अमेरिकन लिबरेटर विमानं होती. चार इंजिनांची, एकशे दहा फूट पंखांची बॉम्बर. ब्रह्मदेश, मलाया, पार बँकॉकपर्यंत जाऊन यायची. ती ब्रिटनने विकत घेतलेली नव्हती. १९४१ च्या अमेरिकन कायद्याखाली ती उधारीवर आलेली होती. कराराचा अर्थ असा की युद्ध संपलं की परत द्या, किंवा पैसे भरा, किंवा नष्ट करा. परत नेणं महाग, पैसे ब्रिटनकडे नाहीत. मग ती कानपूरला, चकेरीच्या तळावर आणून उभी केली आणि मोडायला सुरुवात झाली. उपकरणं फोडली, इंजिनात वाळू घातली, अंगावर जड वाहनं चढवून पत्रे फाडले. हे विमान पुन्हा उडू नये, कुणाच्याही हाती लागू नये, हाच हेतू. आणि हे 'कुणी' म्हणजे काही जपान नव्हे. जपान हरला होता. स्वातंत्र्य दाराशी आलेला हा देशच त्यात आला.

आता थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू झाली. ती काढली म्हैसूर संस्थानाच्या मदतीने एका सोलापूरकराने: वालचंद हिराचंद. आपल्या भागाला हे नाव नवं नाही. सातारा रोड स्टेशनवर उतरलं की जो जुना कूपरचा कारखाना आहे, धनजीशा कूपरांनी १९२२ मध्ये काढलेला, नांगर आणि इंजिनं बनवणारा, तो पुढे वालचंद समूहातच आला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. आणि सांगलीचं वालचंद कॉलेज. धोंडूमामा साठ्यांनी १९४७ मध्ये काढलेल्या या अभियांत्रिकी कॉलेजला १९५५ पासून वालचंदांचं नाव आहे. मी सांगलीतच शिकलो, वालचंदला नाही, तेवढे मार्क नव्हते. पण विश्रामबागेतून जाताना ते नाव रोज वाचायचो आणि साखर, जहाज, बांधकाम एवढंच डोक्यात यायचं. विमान कधी आलं नाही.

युद्धात सरकारने हा बंगळूरचा कारखाना ताब्यात घेतला, १९४३ पासून अमेरिकन हवाई दल तो चालवू लागलं. अमेरिकन विमानांची दुरुस्ती तिथे व्हायची. आपल्या कामगारांनी ती उघडली, बंद केली, त्यांचे पत्रे ठोकले, इंजिनं उतरवली. म्हणजे बघा, ज्यांनी विमानं उधार दिली त्यांनीच आपल्या माणसांना ती दुरुस्त करायला शिकवलं होतं. कानपूरला वाळू ओतणाऱ्यांच्या हे बहुधा लक्षात आलं नाही.

फाळणीनंतर नव्या हवाई दलाकडे मोठं बॉम्बर एकही नव्हतं, आणि ते विकत घ्यायला परकीय चलनही नव्हतं. मग १९४८ मध्ये कुणीतरी चकेरीच्या गवतात पडलेल्या त्या सांगाड्यांकडे पाहिलं. हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं गेली. एका विमानाचं शेपूट धड, दुसऱ्याचा पंख धड, तिसऱ्याचं इंजिन साफ करण्याजोगं. एकातून काढून दुसऱ्यात घालत, कसंबसं उडेल इतपत एकेक विमान जमवलं. मग ते बंगळूरला उडवत न्यायचं, पूर्ण दुरुस्ती तिथे. हे न्यायचं काम कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केलं. कल्पना करा, मुद्दाम मोडलेलं विमान, आतली कुठली नळी कुणी ठेचलीय आणि कुठली नाही हे पूर्णपणे कळायला मार्ग नाही, आणि ते घेऊन कानपूर ते बंगळूर. एकदा नाही, चाळीसच्या आसपास वेळा.

नोव्हेंबर १९४८ मध्ये लिबरेटरवर पाच क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनने तीच विमानं समुद्रावरच्या टेहळणीला वापरली, थेट १९६८ पर्यंत. जगात शेवटपर्यंत लिबरेटर उडवणाऱ्यांत आपण होतो. अमेरिकेने अठरा हजारांवर लिबरेटर बनवली आणि युद्ध संपताच बहुतेक सगळी भंगारात वितळवली.

मग सत्तरच्या आसपास पाश्चात्त्य संग्रहालयांना जाग आली. आपल्याकडे लिबरेटर नाही! शोधाशोध झाली आणि पत्ता निघाला भारताचा. कॅनडाने आपल्याला एक लायसँडर विमान दिलं आणि बदल्यात लिबरेटर नेलं. ते लायसँडर आज दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये एक लिबरेटर इथून उडत थेट अमेरिकेत ॲरिझोनाच्या संग्रहालयात गेलं. १९७४ मध्ये एक ब्रिटनला गेलं, ते आता लंडनच्या हेंडनला आहे. एक भंगारावस्थेत विकलं गेलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत पुन्हा उडतं झालं. हेंडनला कधी गेलात तर ब्रिटिश हवाई दलाच्याच संग्रहालयातलं ते लिबरेटर जरा जवळून बघा. ब्रिटिशांनीच कानपूरला मोडायला काढलेल्या ताफ्यातलं ते आहे.

पालमला आपलंही एक आहे. पुढच्या वेळी दिल्लीला लग्नकार्याला वगैरे जाणं झालं तर अर्धा दिवस काढा. पत्र्यावर नवे रिव्हेट आणि जुने रिव्हेट वेगळे ओळखू येतात का, ते मला कळवा. फोटो काढू देतात.